एमबीए डिपार्टमेंटची जुनी बिल्डिंग, मुलांना बसायला जागा करायचीय. चौकावर छत घालावं का?

पोर्चखालची_स्कूटी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात मॅनेजमेंट डिपार्टमेंटला शिकवते (कुठल्या ते विचारू नका, नोकरी प्रिय आहे). बिल्डिंग नव्वदच्या दशकातली, तळमजला अधिक दोन मजले, मधे उघडा चौक, चारी बाजूंनी व्हरांडा आणि व्हरांड्याला लागून वर्ग. ऐकायला छान वाटतं, पण चौकात एक बंद पडलेलं कारंजं आहे ज्यात सध्या मोडकी बाकं रचून ठेवलीत, व्हरांड्यात स्टीलची कपाटं आहेत ज्यांच्या चाव्या कुणाकडे आहेत हे कुणालाच माहीत नाही, आणि लेक्चर संपल्यावर मुलांनी बसायचं म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांवर नाहीतर गेटबाहेरच्या टपरीवर.

एमबीएचं सगळं ग्रुपमधेच चालतं हे तुम्हाला माहितीच आहे. केस, प्रेझेंटेशन, समर प्रोजेक्ट, जीडीची (ग्रुप डिस्कशनची) तयारी. त्यात आता प्लेसमेंटचे पहिले राउंड ऑनलाइन असतात. मागच्या सीझनला एक मुलगी जिन्याखालच्या मीटररूमच्या दारात उभी राहून इंटरव्ह्यू देत होती, कारण रेंज आणि शांतता दोन्ही तिथेच मिळत होतं. मधेच आमचे शिपाईमामा झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन तिच्या मागून गेले आणि कॅमेऱ्याकडे बघून चक्क हसले.

आता एका माजी बॅचने पैसे द्यायचं कबूल केलंय, तेवढेच विद्यापीठ घालणार. कोटीच्या आतलं काम आहे. कमिटीत मी सगळ्यात ज्युनिअर. एचओडी सरांच्या डोक्यात आहे की चौकावर पॉलीकार्बोनेटचं (पारदर्शक प्लास्टिकच्या शीटचं) छत घालायचं, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, सोफे, एसी, काचेचं दार, म्हणजे कॉर्पोरेट लुक येईल. थ्रीडी व्ह्यू पण आलाय, त्यात सगळे गोरे लोक हातात कॉफी घेऊन उभे आहेत 😄. माझं म्हणणं असं की चौक राहू द्या, तळमजल्यावरची जुनी कॉम्प्युटर लॅब (डेस्कटॉप आता कुणी चालूच करत नाही), शेजारची रेकॉर्डरूम आणि व्हरांड्याचे चार कोपरे यातच काहीतरी करू. पण मी पडले फायनान्सची, मला बांधकामातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मीटिंगमधे माझं कुणी ऐकत नाही.

तर चौक झाकणं बरोबर की चूक, लॅब आणि रेकॉर्डरूममधली भिंत पाडता येते का हे कसं कळणार, आणि तुमच्यापैकी जे अशा कॉलेजांमधून शिकलेत त्यांना खरंच कशाची गरज वाटायची? मनमोकळं सांगा.

---

उघडं_वीटकाम

मॅडम, मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात प्रॅक्टिस करतो, शाळा-कॉलेजांची कामं बरीच केलीत. चौकावर छत घालू नका, निदान पॉलीकार्बोनेटचं तर नकोच.

तुमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. आत्ता चौक उघडा आहे म्हणून व्हरांड्यातली गरम हवा वर निघून जाते आणि वर्गांच्या मागच्या खिडक्यांतून हवा आत ओढली जाते. म्हणून ती बिल्डिंग पंख्यांवर तरी चालतेय. वरून झाकण बसवलंत की ऊन आत येणार आणि हवा बाहेर जायची वाट बंद, मग एसी लागणार, एसी लावायचा तर व्हरांडे बंद करावे लागणार, आणि तीन मजल्यांच्या उंचीचा हॉल थंड करायचं बिल कोण भरणार ते आधी वित्त विभागाला विचारा. पावसाळ्यात शीटवर असा आवाज होतो की खाली बोलणाऱ्याचं ऐकू येत नाही, आणि तुमच्या भागात फेब्रुवारी-मार्चमधे गारपीट होते ती वेगळीच. शीट काही वर्षांत पिवळी पडते, तिच्यावर चढून ती धुणार कोण? शिवाय चौक झाकला की मंजूर नकाशा बदलतो, आग लागली तर धूर कुठून बाहेर काढणार हा प्रश्न फायरवाले विचारणारच. आज उघडा चौक हीच तुमची धूर बाहेर काढायची सोय आहे.

सरांना पटवायचं असेल तर त्यांना देशातलीच उदाहरणं द्या, ती पण बी-स्कूलचीच. बेंगळुरूचं आयआयएम बाळकृष्ण दोशींनी केलं, प्रेरणा फत्तेपूर सिक्रीची. तिथली खरी कॉमन रूम म्हणजे कॉरिडॉर. दगडी भिंती, वर कुठे स्लॅब, कुठे नुसती पर्गोला (उघड्या तुळयांची जाळी), कुठे उघडं आकाश, आणि रुंदी एवढी की दोघं उभं राहून वाद घालत असले तरी तिसरा बाजूने आरामात जातो. अहमदाबादच्या आयआयएमला लुई कान यांनी डॉर्म (होस्टेल) केले तेव्हा लांबच लांब कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या असं मुद्दाम टाळलं, साधारण दहा-दहा खोल्या एका जिन्याभोवती आणि एका टी-रूमभोवती बसवल्या, म्हणजे खोलीतून बाहेर पडलं की माणूस भेटणारच. त्याच डॉर्मपैकी १८ मधले १४ पाडायचा प्रस्ताव डिसेंबर २०२० मधे आला तेव्हा जगभरातून ओरड झाली आणि १ जानेवारी २०२१ ला तो मागे घ्यावा लागला. तिथलीच लायब्ररी मात्र सोमाया अँड कलप्पा या आर्किटेक्ट फर्मने नीट दुरुस्त केली आणि तिला २०१९ मधे युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. सांगायचं कारण, जुनी बिल्डिंग दुरुस्त करून वापरणं यात कमीपणा नाही हे सरांसमोर ठेवायला बरं पडेल, नाव आयआयएमचं आहे म्हटल्यावर ऐकतील.

चौकात काय करता येईल? कारंजं काढा, तिथे एक मोठं सावलीचं झाड लावा (कडुनिंब किंवा बकुळ, गुलमोहर नको, फांद्या मोडतात). झाडाभोवती बसायच्या उंचीचा म्हणजे साधारण दीड फुटाचा कट्टा, वर घोटीव कोटा फरशी. झाड मोठं होईपर्यंत अर्ध्या चौकावर काढता-घालता येईल असं शेडनेट. व्हरांड्याच्या खांबांमधे कठड्याला लागून लांब बाक आणि त्याला टेकून फूट-सव्वा फुटाची फळी, लॅपटॉप ठेवायला. एवढ्या पैशात याच्या दुप्पट काम होईल आणि मेंटेनन्स जवळजवळ शून्य.

---

लास्टबेंच

मी दहा-बारा वर्षांपूर्वी एमबीए केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. आमच्याकडे ‘स्टुडंट डिस्कशन लाउंज’ होतं बरं का, उद्घाटनाला पेपरात फोटो वगैरे आलेला. लेदरेटचे सोफे, काचेचं सेंटर टेबल, भिंतीवर टीमवर्कचं पोस्टर ज्यात आठ लोक होडी वल्हवतायत. दोन वर्षांत मी तिथे बसलोय ते फक्त नॅकची (कॉलेजांना ग्रेड देणारी) पीअर टीम तपासणीला आली होती तेव्हा, आम्हाला ‘चर्चा करताना’ दिसायचं होतं म्हणून. बाकी वेळ कुलूप. चावी ऑफिसमधे, ऑफिस साडेपाचला बंद, आमची लेक्चर संपायची सव्वापाचला. ग्रुपवर्क रात्री नऊला पार्किंगमधे एकाच्या ॲक्टिव्हावर लॅपटॉप ठेवून व्हायचं.

त्यामुळे माझं एकच सांगणं, छत घाला नाहीतर झाड लावा, पण दार किती वाजेपर्यंत उघडं राहणार आणि चावी कुणाकडे हे आधी लिहून घ्या, कमिटीच्या मिनिट्समधे घ्या. आणि प्लग पॉइंट. सोफा नसला तर मुलं जमिनीवर बसतात, प्लग नसला तर निघून जातात. आमच्या लायब्ररीत एकच पॉइंट चालू होता, त्याच्याजवळची खुर्ची सकाळी साडेसातला दप्तर टाकून धरावी लागायची, एसटीत रुमाल टाकतात तसं.

आणि हो, सोफे घेऊच नका, सोफ्यावर बसून कुणाचं कधी काम झालंय? टेबल-खुर्ची द्या, भिंतीला मोठा व्हाइटबोर्ड द्या, आणि मार्कर संपले की नवे कुणी आणायचे तेही ठरवा.

---

कटिंग_वाला

टपरीवाल्याला विचारलंत का कुणी? त्याच्या धंद्यावर कमिटी बसलीय आणि त्याला पत्ताच नाही 😂

बाकी लास्टबेंचला प्लस वन. माझे निम्मे कॉन्सेप्ट टपरीवर क्लिअर झाले कारण तिथे कुणी ‘शूऽऽ’ करत नव्हतं.

---

निवृत्त_जेई

मॅडम, मी बांधकाम खात्यात होतो, नंतर काही वर्षं एका विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात डेप्युटेशनवर होतो. वीटकामवाल्या साहेबांनी चौकाचं बरोबर सांगितलंय, मी भिंतीचं सांगतो.

नव्वदच्या दशकातली तीन मजली सरकारी बिल्डिंग बहुतेक आरसीसी फ्रेम असते, म्हणजे भार बीम-कॉलमवर, भिंतींवर नाही, पण ‘बहुतेक’वर भिंत पाडायची नसते. इस्टेट विभागाकडे मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. मिळालं नाही (मिळत नाहीच) तर स्वतः बघा. भिंतीच्या वर छताला बीम दिसतोय का, त्याच ओळीत दोन्ही टोकांना कॉलम आहे का, आणि वरच्या मजल्यावर त्याच जागी भिंत आहे का. बीम-कॉलम असून भिंत नुसती भरणीची असेल तर काढता येते. नऊ इंची किंवा जास्त जाडीची भिंत, वर बीम नाही, स्लॅब थेट भिंतीवर टेकलेला, असं असेल तर हात लावायचा नाही. आणि हे बघणं फक्त तुमच्या माहितीसाठी, निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनेच. त्याच्याकडून काँक्रीट किती चांगलं आहे बघायला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक टेस्ट करून घ्या, संशय आला तर दोन-चार कोअर (काँक्रीटचे गोल नमुने) काढू द्या. तीस वर्षांची बिल्डिंग आहे, टॉयलेटच्या खालच्या स्लॅबचं प्लास्टर ठोकून बघा, पोकळ वाजलं तर आधी तिथे खर्च करावा लागेल आणि सोफ्याचे पैसे तिथेच जातील.

रेकॉर्डरूम रिकामी करणार म्हणताय, तर ते गठ्ठे कुठे हलवणार ते आधी सांगा. हमखास कुणीतरी म्हणेल वरच्या मजल्यावरच्या वर्गात ठेवू. नका ठेवू. वर्गाचा स्लॅब आयएस ८७५ (भारांचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला ३ किलोन्यूटन लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) धरून केलेला असतो, फायलींच्या साठवणीसाठी ५ आणि पुस्तकांच्या रॅकसाठी ६ धरतात. म्हणजे दुप्पट किंवा जवळपास तेवढं. रेकॉर्ड तळमजल्यावरच कुठेतरी जाऊ दे नाहीतर निर्लेखनाची (जुनं रेकॉर्ड रद्द करून काढून टाकायची) फाइल चालवा, त्याला वेळ लागतो, आजच सुरू करा.

इलेक्ट्रिकल. हे सगळे विसरतात. साठ मुलं, प्रत्येकी ६५ वॅटचा चार्जर धरा, ३९०० वॅट होतात, म्हणजे १७ अँपिअर. जुन्या लाइटच्या सर्किटवर आठशे वॅटच धरायचे असतात, बारा लॅपटॉप लागले की ते संपलं. नवीन डीबी (वीज वाटपाचा बोर्ड), नवीन सर्किट, आरसीसीबी (शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) सकट, आणि अर्थिंग तपासून. जमिनीत बसवायचे फ्लोअर बॉक्स ब्रोशरमधे छान दिसतात, पण आपल्याकडे फरशी बादलीभर फिनेलच्या पाण्याने पुसतात आणि ते पाणी त्या झाकणातून आत जातं. मी असले बॉक्स उघडलेत, आत हिरवा गंज आणि मेलेली झुरळं. सॉकेट टेबलाच्या उंचीवर भिंतीला घ्या.

रॅम्प आहे का? नसेल तर आत्ताच घाला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो द्यावाच लागतो. उतार एकास बारा. जोतं दोन फूट असेल तर चोवीस फूट लांबीचा रॅम्प लागतो. ठेकेदार तुम्हाला आठ फुटांत करून देतो म्हणेल, त्या उतारावर व्हीलचेअर चढत नाही, फक्त फोटो निघतो.

आणि काम कुठल्या क्रमाने करायचं ते बघा. गच्चीची गळती आधी, मग वायरिंग, मग प्लास्टर-रंग, फर्निचर सगळ्यात शेवटी. आमच्याकडे नेहमी उलटं व्हायचं कारण फर्निचरचं बिल मार्चएंडला लवकर निघतं.

---

ग्रंथपाल_ताई

निवृत्त_जेई काका, रॅकच्या वजनाबद्दल लिहिलंत ते बरं झालं, मी हेच वीस वर्षं सांगतेय.

मी लायब्ररीच्या बाजूने बोलते. स्कूटी मॅडम, बोलायची जागा आणि गप्प बसायची जागा वेगळी ठेवा, आणि या दोन्हींच्या मधे काहीतरी येऊ द्या, रॅक, जिना, कॉरिडॉर काहीही. एकाच हॉलमधे मधे काचेचं पार्टिशन घालून ‘इकडे डिस्कशन, तिकडे रीडिंग’ करतात ना, त्यात दोघंही वैतागतात. काच आवाज अडवते पण दाराखालून, फॉल्स सीलिंगच्या वरून सगळं ऐकू येतं. पार्टिशन स्लॅबपर्यंत न्यायचं, फॉल्स सीलिंगपर्यंत नाही. ठेकेदाराला हे तीनदा सांगा.

दुसरं जरा नाजूक आहे. चांगली बसायची जागा, प्लग, वायफाय, पंखा आणि टॉयलेट एकत्र आलं की महिन्याभरात तिथे एमपीएससीची मुलं येऊन बसतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, बाहेर अभ्यासिकेला महिन्याला किती मोजावे लागतात ते मला माहितीये आणि खोलीवर चौघं राहतात त्यात अभ्यास होत नाही. पण ती मुलं बारा तास हलत नाहीत, आणि तुमची एमबीएवाली लेक्चर संपून येतात तेव्हा जागा नसते, मग भांडणं. आयकार्ड लावायचं की नाही, बाहेरच्यांना किती खुर्च्या, हे पहिल्या दिवशी ठरवा. मागाहून उठवायला गेलं की लायब्ररियन वाईट.

आणि मुलींच्या टॉयलेटचं कुणीच लिहिलं नाही अजून. जागा रात्री नऊपर्यंत उघडी ठेवणार असाल तर त्याच मजल्यावरचं टॉयलेट पण नऊपर्यंत उघडं, दिवा चालू, आतून कडी लागणारी, आणि डिपार्टमेंटपासून होस्टेलपर्यंतच्या रस्त्यावर लाइट. नाहीतर ती जागा सहानंतर फक्त मुलांची होते. आमच्याकडे झालं तसं, आणि कुणी मुद्दाम केलं नव्हतं, फक्त टॉयलेटची चावी सफाईवाल्या मावशींबरोबर घरी जायची.

---

पोर्चखालची_स्कूटी

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार.

काकांनी सांगितलं तसं बघून आले. लॅब आणि रेकॉर्डरूमच्या मधल्या भिंतीवर बीम आहे, दोन्ही टोकांना कॉलम पण दिसतात, वरच्या मजल्यावर तिथे भिंत नाहीये. स्ट्रक्चरलवाल्यांना बोलवायचं पत्र टाकलंय. ड्रॉइंग अर्थातच ‘शोधून सांगतो’. टॉयलेटखाली ठोकून बघायला मी छत्रीचा दांडा घेऊन गेले, दोन ठिकाणी डबडब वाजलं. मामा म्हणाले, मॅडम आता हे पण तुम्हालाच करायला लावलं का.

जोतं चार पायऱ्यांचं आहे. रॅम्प आहे पण तो मागच्या बाजूला, आणि त्यावर जनरेटर ठेवलाय.

ग्रंथपाल ताई, टॉयलेटचा मुद्दा माझ्याही डोक्यातून सुटला होता, मीटिंगमधे पहिला तोच मांडते.

एक विचारायचं होतं. लॅब रिकामी केली तर १२ मीटर बाय ८ मीटरचा हॉल मिळतो, उंची ३.६ मीटर. टाइल्स, प्लास्टर, काचेच्या खिडक्या. आत्ता रिकामा करून आत बोललं तर भुतासारखा घुमतो. पाच-सहा ग्रुप एकदम बोलायला लागले तर काय होईल?

---

डेसिबल

काय होईल ते मोजताच येतं. सॅबिनचं सूत्र आहे, घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ भागिले एकूण शोषण (भिंती-छत वगैरे मिळून आवाज किती शोषतात ते). तुमचं घनफळ ३४५ घनमीटरच्या आसपास. भिंती, जमीन, छत मिळून ३३६ चौरस मीटर, सगळं टणक, सरासरी शोषण ०.०५ धरलं तर एकूण शोषण १७ च्या आत. म्हणजे ३.३ सेकंद. इतका वेळ आवाज रेंगाळला की प्रत्येक ग्रुप शेजारच्या ग्रुपवर मात करायला आवाज चढवतो, ते बघून शेजारचा चढवतो, लग्नाच्या हॉलमधे पंगतीच्या वेळी होतं ते.

आता फक्त छताला लाकूड-लोकरीचे किंवा मिनरल फायबरचे पॅनेल लावा, ०.७ शोषणाचे. ९६ चौरस मीटर छतावर ६२ च्या आसपास शोषण वाढतं आणि काळ येतो ०.७ सेकंदावर. बाकी काहीही न करता. माणसं आणि फर्निचर आलं की आणखी थोडा खाली. जिप्समचं नुसतं सपाट फॉल्स सीलिंग घातलंत तर मात्र बोलण्याच्या आवाजाला जवळजवळ काही फरक पडत नाही, फक्त एलईडी लावायची सोय होते. टेंडरमधे ‘अकौस्टिक सीलिंग’ एवढंच लिहू नका, शोषणाचा आकडा लिहा, म्हणजे एनआरसी ०.७ किंवा जास्त, टेस्ट रिपोर्टसकट. नाहीतर भोकं पाडलेलं जिप्सम मागे काही न भरता लावून मोकळे होतात.

पंखे पण बघा. जुने खडखडणारे पंखे असतील तर वरची सगळी मेहनत वाया.

---

हाइडपार्कचा_पाव्हणा

मी शिकागोहून लिहितोय, मूळचा लातूरचा. इथल्या बूथ बी-स्कूलमधे शिकलो. हार्पर सेंटर म्हणून बिल्डिंग आहे, २००४ ची, राफाएल व्हिन्योली यांची, समोर फ्रँक लॉइड राइट यांचं रॉबी हाउस. मधे सहा मजली उंचीचा काचेचा विंटर गार्डन आहे आणि तुमच्या एचओडींच्या थ्रीडी व्ह्यूमधलं चित्र बहुतेक असल्याच कुठल्यातरी बिल्डिंगवरून उचललेलं असणार. दिसायला जबरदस्त आहे, खोटं नाही बोलत. पण ती काच कशासाठी आहे? इथे जानेवारीत पारा कधीकधी उणे पंधरापर्यंत जातो, चार वाजता अंधार पडायला लागतो, कोवळ्या उन्हाचा तुकडा सापडला की माणसं तिथे जाऊन बसतात. लातूरला मी उन्हाच्या मागे कधी पळालो नाही, ऊनच माझ्या मागे असायचं. तेव्हा काच इकडे राहू दे, तिकडे झाड लावा.

तिथून उचलण्यासारखं काही असेल तर ते ग्रुप स्टडीच्या छोट्या खोल्या. पाच-सहा जणांचं टेबल, एक स्क्रीन, एक बोर्ड, बुक करून वापरायच्या. तुमच्या रेकॉर्डरूममधे अशा दोन आणि एकट्याने इंटरव्ह्यू द्यायच्या दोन खोपटी सहज बसतील. खोपट्यात नेटची वायर द्या, वायफायच्या भरवशावर राहू नका, आणि मागची भिंत साध्या रंगाची ठेवा.

पैशाबद्दल एक, कारण माजी बॅच म्हणालात. त्यात बाहेरदेशी असलेले असतीलच. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे एफसीआरएखाली (विदेशी देणग्यांचा कायदा) विदेशी धरत नाहीत. पण ज्याने इथलं नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, त्याचे पैसे विदेशी योगदान. राज्याच्या कायद्याने झालेल्या आणि कॅगचं ऑडिट असणाऱ्या संस्थांना त्यात सूट आहे, तुमचं विद्यापीठ त्यात बसतं का ते वित्त अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. माजी विद्यार्थी संघटना वेगळा ट्रस्ट असेल तर ती सूट त्यांना लागू नाही, त्यांना नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. आमच्या ग्रुपमधे एकाने घाईने पैसे पाठवले आणि ते परत आले, त्यावरून व्हॉट्सॲपवर आठवडाभर महाभारत.

---

लास्टबेंच

पाव्हणं, देणगीदारांच्या पाटीचं काय? आमच्या लाउंजच्या दारावर पाटी एवढी मोठी होती की आत दिसायचंच नाही.

---

हाइडपार्कचा_पाव्हणा

पाटी लावू दे की, पैसे दिलेत त्यांनी. फक्त कट्ट्यावर लावा, बसल्यावर झाकली जाईल 😁

---

उघडं_वीटकाम

पाव्हण्यांचा खोपट्याचा मुद्दा एकदम पटला, पण त्यात हवा खेळती ठेवा. मी असे बंद बूथ बघितलेत ज्यात वीस मिनिटांत माणूस घामाने निथळतो. वर एक्झॉस्ट आणि दाराखाली हवा यायला जागा द्यायची, तर तिथूनच आवाज येतो, म्हणून हवेची वाट एकदा वळवून घ्यायची आणि आतून फोम लावायचा. साधं काम आहे पण ड्रॉइंगमधे दाखवावं लागतं.

आणि मॅडम, मीटिंगला जायच्या आधी एक सोपं काम करा. प्लॅनची झेरॉक्स घ्या, दोन-तीन मुलांना द्या, आठवडाभर दर दोन तासांनी कोण कुठे बसलंय तिथे टिंब काढायला सांगा. थ्रीडी व्ह्यूसमोर तुमचं मत टिकत नाही, पण टिंबांचा कागद टिकतो.

---

पोर्चखालची_स्कूटी

अपडेट द्यायला उशीर झाला, मधे परीक्षा होत्या.

टिंबं काढली. मुलांनी भलतीच मनावर घेतली. सगळ्यात जास्त टिंबं कुठे आली असतील? पश्चिमेच्या जिन्याच्या पहिल्या लँडिंगवर. का ते कळेना म्हणून स्वतः जाऊन बसले, तर तिथे जाळीतून वारा येतो, बाजूच्या वर्गाच्या राउटरची रेंज पकडते आणि झाडूवाल्यांसाठी दिलेला एक सॉकेट आहे. चौकात दुपारी बारा ते चार एकही टिंब नाही, साडेपाचनंतर मात्र गर्दी. कारंज्याच्या काठावर पण बसतात, बाकं असून.

कागद मीटिंगमधे ठेवला. छताचं काम ‘फेज टू’मधे गेलं, म्हणजे सगळ्यांना काय ते कळलं. एचओडी सर नाराज नाहीत, त्यांनी एवढंच मागितलं की दर्शनी भागाला नवा रंग आणि नावाचं स्टीलचं अक्षरकाम करायचं, ते दिलं. लॅबचा हॉल, छताला पॅनेल (एनआरसीचा आकडा टाकला हो डेसिबल), रेकॉर्डरूममधे दोन ग्रुपच्या खोल्या आणि दोन खोपटी, व्हरांड्यात बाक, चौकात कट्टा आणि झाड. वरच्या टॉयलेटचं वॉटरप्रूफिंग आणि खालच्या स्लॅबची दुरुस्ती यात बराच पैसा जाणार, त्यामुळे फर्निचरला फार काही उरत नाहीये, जुन्या लॅबची टेबलं पॉलिश करून वापरायची ठरलंय. जनरेटर रॅम्पवरून हलवायला वेगळी फाइल लागेल म्हणे.

अडलंय ते वेळेवर. मी नऊपर्यंत म्हणतेय, प्रशासन म्हणतं सहा, कारण सहानंतर जबाबदारी कुणाची? सिक्युरिटीच्या एजन्सीचा करार वेगळा आहे, त्यात आमच्या बिल्डिंगला रात्री फक्त बाहेरून राउंड आहे. कुणाकडे असं चालू असेल तर कसं बसवलंत ते सांगा ना.

---

ग्रंथपाल_ताई

आमच्याकडे ‘कमवा आणि शिका’मधली दोन मुलं आणि दोन मुली संध्याकाळच्या पाळीला घेतल्या. चावी त्यांच्या सहीने रजिस्टरमधून जाते, बंद करताना दिवे-पंखे बघून परत सही. हॉल आणि टॉयलेटच्या चाव्या एकाच जुडग्यात. कुलसचिवांची मंजुरी विभागप्रमुखांच्या पत्रावर मिळाली, पहिल्यांदा एकाच सत्रासाठी, नंतर वाढवून घेतली. पत्राचा मसुदा मेसेजमधे पाठवते. सिक्युरिटीचा करार रिन्यू कधी होतोय ते बघा, तेव्हाच त्यात आतला राउंड घालून घ्या, मधेच बदलायला गेलात तर जास्तीचे पैसे मागतात.

---

निवृत्त_जेई

टॉयलेटच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून किमान दोन दिवस ठेवायला लावा आणि खालच्या छताचे फोटो तारखेसकट काढा, त्याशिवाय बिलावर सही करू नका. ठेकेदार म्हणेल काल रात्रीच टेस्ट झाली मॅडम. तुम्ही स्वतः जा, छत्री घेऊन.